वाढत्या अंगाची बंदूक

आमच्या घरात बेताच्या मापाचं असं काही नव्हतंच. जे होतं ते एक तर मोठं होतं, नाहीतर आटलेलं. शाळेचा सदरा शिवायचा तो पुढची दोन-तीन वर्षं धरून. त्याच्या बाह्या घड्या घालघालून कोपरापर्यंत आणलेल्या, खालचा घेर गुडघ्याशी टेकलेला. पायजम्याच्या तळाशी अम्मा वीतभर कापड आत मुडपून ठेवायची आणि दर ईदच्या आधी एक टीप उसवायची. उसवलेल्या जागी कापड कोरं, गडद दिसायचं. वरचा सगळा पायजमा विटलेला. त्या गडद पट्ट्या बघून मी कोणत्या वर्षी किती वाढलो ते कुणीही सांगितलं असतं. रत्नागिरीच्या बाजारात दुकानदार विचारायचा, "मुलाच्या मापाचं दाखवू?" अम्मा घाईघाईने म्हणायची, "नको नको, वाढत्या अंगाचं दाखवा."

अब्बा सुतार होते. खाडीकाठी गलबतं बांधायची कामं होती तोवर घरात भात होता. मग ती कामं कमी होत गेली आणि एका वर्षी बंदच पडली. अब्बा गावात खाटांचे पाय, दारांच्या चौकटी असलं काहीबाही करत राहिले. नाचणीची पेज सकाळी, तीच पेज संध्याकाळी. धाकट्या दोघी बहिणी आधी जेवायच्या, मग मी, मग उरलं तर अम्मा. अंग वाढत होतं, पण वाढण्याइतकं पानात पडत नव्हतं. नववीच्या मध्यावर माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी काढलं नाही. एक दिवस गेलो नाही, आणि मग गेलोच नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण तसं क्षुल्लक आहे. आज सकाळी मुलीने या मोसमात पहिल्यांदा एसी बंद केला.

दुबईत, अल कुसैसमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको, आमचा हिवाळा असाच येतो. पान गळत नाही, मोहोर येत नाही. आठ महिने कानात घुमत असलेली ती घरघर एका सकाळी थांबते आणि घर एकदम आपलं वाटू लागतं. खिडकी उघडते. खालच्या कॅफेटेरियातल्या चहाचा वास चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. मुलीने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून स्वेटर काढला, नवा, सेलमध्ये घेतलेला, आणि नातवाच्या अंगात घातला. त्याचे हात बाहीत हरवून गेले.

"नाना, लुक! इट्स टू बिग!"

"असू दे बेटा," मी म्हटलं, "वाढत्या अंगाचा आहे."

"व्हॉट्स दॅट?"

"अब्बा, त्याला नका सांगू काही," मुलगी म्हणाली, "एक्सचेंज होतो हा. चाळीस दिरहमचा आहे, म्हणजे नऊशेच्या वर झाले ना आपले? एवढे देऊन लूज कशाला घालायचा?"

बरोबर आहे तिचं. मी खिडकीशी गेलो. खाली पार्किंग, त्यापलीकडे शाळेच्या पिवळ्या बसची रांग, त्यापलीकडे शारजाच्या बाजूचा रस्ता. आणि या सगळ्याच्या खाली, डांबराखाली, कुठेतरी ती वाळू आहे जिच्यावर राशिदच्या नाकातलं रक्त पडलं होतं.

ती साठीच्या दशकाची सुरुवात. तेव्हा अल कुसैस म्हणजे देऱ्यापासून, खाडीकाठच्या जुन्या दुबईपासून, लांब पडलेली मोकळी वाळू, मधेमधे गाफची झाडं आणि पहाटेचं धुकं. तिथे हरणं येत. ऐकणाऱ्याला खोटं वाटतं, म्हणून मी हल्ली सांगत नाही.

अब्बा आणि मी आलो ते लाँचने. खोर फक्कानच्या किनाऱ्यापासून थोडं दूर, उजाडता उजाडता, लाँचवाल्याने सांगितलं, "उतरा, यल्ला!" पाणी माझ्या छातीपर्यंत. अब्बांनी डोक्यावर हत्यारांची पिशवी धरली होती, करवत, रंधा, पटाश्या, आणि दुसऱ्या हाताने माझी मान. डोंगरातून एका ट्रकच्या टपावर बसून देऱ्याला पोचलो. खाडीवर गलबतं बांधायचा मोठा कारखाना होता, आपल्याकडचंच सागवान, आपल्याकडचेच सुतार. काम मिळालं, पण झोपायला जागा नव्हती. तिथल्या लाकडाच्या ढिगांवर पहारा करणारा एक माणूस होता, उबेद. त्याने आमच्याकडे पाहिलं, कोण-कुठचे विचारलं नाही. खजुरीच्या झावळ्यांची त्याची झोपडी होती, तिच्या अंगणात तशीच दुसरी, रिकामी. तो म्हणाला, "इधर साया है. बैठो." तरुणपणी तो गलबतावरून मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदुस्तानी बोलायचा. त्या सावलीत आम्ही बसलो ते बसलोच. त्याची बायको रोज पडद्याआडून भाकरी आणि खजूर पाठवायची. भाड्याचं नाव कुणी काढलं नाही.

मला तो हिवाळा वासांनी आठवतो. गलबताला चोळायचं माशाचं तेल, त्याचा उग्र वास. ओल्या सागाच्या भुशाचा गोडसर. आणि सकाळी झोपडीबाहेर पेटवलेल्या खजुरीच्या लाकडाचा. थंडी इतकी की कोकणातलं पोर मी, मला वाटलं आजारीच पडलो. अब्बांनी आपला सदरा माझ्या सदऱ्यावर चढवला. त्याच्याही बाह्या दुमडल्या. मी दिवसभर मोठ्या माणसांबरोबर फळ्या वाहायचो. खांदा सोलवटायचा, संध्याकाळी अब्बा त्यावर खोबरेल लावायचे आणि म्हणायचे, "होईल सवय. अंग भरलं की बसेल काम."

उबेदच्या मुलाचं नाव राशिद. माझ्याहून वर्षाने लहान, चौदाचा. बोलायला भाषा नव्हती तरी आमचं जमलं. पोहण्यावरून तो मला हसायचा, झाडावर चढण्यावरून मी त्याला.

त्या वर्षी उबेदच्या डोळ्यांवर पांढरट साय आली होती. लाकडाचा ढीग त्याला दिसायचा, ढिगामागे उभा माणूस दिसायचा नाही. पहारा कसाबसा निभायचा, शिकार संपली होती. आणि शिकार म्हणजे त्यांच्याकडे हौस नव्हती. हिवाळ्यात उबेद आणि त्याचा भाऊ सैफ ट्रक घेऊन आत वाळवंटात जायचे, हरणं आणायचे, मांस मीठ लावून वाळवायचे. वर्षाचं मांस तेच. ट्रकमध्ये जो नेमबाज त्याला वाटा. जो नेमबाज नाही त्यालाही सैफ द्यायचा, पण ते दिलेलं असायचं, वाट्याचं नसायचं. उबेदला भावाच्या हातचं घ्यायचं नव्हतं. "माझ्या घरातून एक बंदूक जाईल," तो म्हणाला. स्वतःच्या जुन्या बंदुकीची नळी खाऱ्या हवेने कुजून गेली होती. म्हणजे राशिदसाठी घ्यायला हवी होती, पहिली, आणि परवडेल अशी.

"नज्जार," तो अब्बांना म्हणाला. नज्जार म्हणजे सुतार. "तुला लाकूड कळतं. तुझे डोळे मला उसने दे."

अब्बांना नाही म्हणता येणं शक्यच नव्हतं. शिवाय बंदूक त्यांना थोडी कळायची. आमच्या गावात भातावर रानडुकरं येत, तेव्हा अब्बा ठासणीची बंदूक घेऊन माळ्यावर बसलेले होते, आणि गावातल्या बंदुकांचे दस्ते तेच दुरुस्त करायचे. आम्ही चौघे देऱ्याच्या बाजारात गेलो. त्या दुकानात दोरखंड, किटल्या, कंदील आणि बंदुका एकाच भिंतीवर टांगलेल्या. दुकानदाराने तीन उतरवल्या.

पहिली बारीक, नळी बोटाएवढी. राशिदला ती नुसत्या एका हाताने उचलता आली. उबेदने हातात घेतली आणि लगेच परत केली. "हिने हरीण मरणार नाही, जखमी होईल. सुरी पोचायच्या आत पळून दुसरीकडे कुठे तरी तडफडत मरेल. ते खाता येत नाही आणि विसरताही येत नाही." दुसरी आखूड, घोडेस्वारांसाठी केलेली. राशिदच्या खांद्याला ती अशी बसली की जणू त्याच्यासाठीच घडवली. पण महाग, आणि तिची काडतुसं दुकानदाराकडेच मूठभर. संपली की मुंबईहून मागवायची. तिसरी जुनी लष्करी, लांबलचक, दस्त्याचं लाकूड तेलाने काळं पडलेलं. हिची काडतुसं सैफकडे होती, अर्ध्या दुबईकडे होती. अब्बांनी तिचा खटका काढला, मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं आणि पुढून नळीत पाहिलं. नखावरून परतलेल्या उजेडात आतले आटे लखलखीत. दस्त्याच्या मानेवर बोटाने टकटक करून कान लावला, भेग नव्हती. नळी हलवून पाहिली, खडखड नाही.

"ही घ्या," अब्बा म्हणाले.

राशिदने ती खांद्याला लावली. पुढची नळी जमिनीकडे झुकली. दुकानदार हसला. "अरे, याला आखूड द्या. ही त्याच्यापेक्षा मोठी आहे."

आणि अब्बांनी ते वाक्य म्हटलं. हिंदुस्तानीत म्हटलं, पण मला ते अम्माच्या आवाजात ऐकू आलं. "बंदूक काय दर वर्षी घ्यायची असते? पोरगा वाढेल. वाढत्या अंगाची घ्या."

उबेदला पटलं. राशिदला तर पटणारच होतं. मोठी बंदूक नको म्हणणारा मुलगा अजून जन्मायचाय. मलाही पटलं. आमच्या घरात लहानपणापासून हेच शहाणपण होतं, त्यात चूक असेल असं वाटायला आमच्याकडे दुसरं काही होतंच कुठे?

शुक्रवारी नमाजानंतर सैफच्या ट्रकने आम्ही अल कुसैसच्या वाळूत गेलो. गाफच्या झाडाखाली रॉकेलचा रिकामा डबा ठेवला. सैफ बॉनेटवर बसून पाय हलवत होता. राशिद उभा राहिला. दस्ता इतका लांब की तो खांद्यात न बसता काखेकडे घसरत होता. चापापर्यंत बोट पोचवायला त्याला मान पुढे ताणावी लागत होती आणि गाल थेट स्वतःच्या अंगठ्यावर. "बिस्मिल्ला," म्हणून त्याने चाप ओढला. आवाज झाला, डबा जागच्या जागी, आणि राशिद वाळूत बसलेला, नाकातून रक्त.

सैफ इतका हसला की ट्रकवरून उतरावं लागलं. "वल्लाह, राशिद बंदुकीला शिकारीला नेणार नाही, बंदूकच राशिदला नेईल!"

उबेदला दिसलं नव्हतं. तो सगळीकडे तोंड फिरवत विचारत होता, "लागला? डब्याला लागला?" राशिद उठला, बंदूक वाळूवर ठेवली, कुणाकडे न बघता म्हणाला, "मी नाही येणार." मग अब्बा उबेदपुढे गेले. "अबू राशिद, डब्याला नाही लागला. पोराला लागलं. माप माझं चुकलं."

उबेद मुलाला शोधत हात पुढे करून आला आणि चुकून त्याने मला धरलं. माझा दंड त्याच्या मुठीत आला, आणि त्यावरची दोन सदऱ्यांच्या बाह्यांची जाडजूड गुंडाळी. त्याने ती चाचपली. "हे काय बांधलंय?"

"बाही आहे," अब्बा म्हणाले. "मोठी घ्यायची, दुमडायची. वाढला की सोडायची. आमच्याकडे तसंच करतात."

उबेद जरा वेळ माझी बाही चाचपत राहिला. मग हसायला लागला, सैफसारखा नाही, हळू. "नज्जार, बाही दुमडते. बंदूक कुठे दुमडणार?"

परतताना सारा रस्ता अब्बा त्या दस्त्यावर हात ठेवून बसले होते. झोपडीशी उतरल्यावर म्हणाले, "दुमडत नाही. पण कापता येते."

"कापलेलं कापलेलं असतं," उबेद म्हणाला. "पुढच्या वर्षी तो वाढला, मग?"

"मग परत लावू."

त्यांनी राशिदला जवळ बोलावलं. हात कोपरात वाकवायला लावला, दस्त्याचा शेवट कोपराच्या खळग्यात टेकवला आणि बोट चापापासून किती मागे राहतंय ते पाहिलं. लाकडावर पेन्सिलने खूण केली. दस्त्याच्या टोकाची पितळी टोपी काढली. आणि बारीक दाताच्या करवतीने, श्वास रोखून, भाकरीच्या जाडीच्या दोन चकत्या उतरवल्या. कापताना उबेद शेजारी बसला होता, प्रत्येक ओढीला त्याच्या पापण्या हलत होत्या. मग टोपी पुन्हा जागेवर बसवली. त्या दोन चकत्या अब्बांनी तेलात बुडवल्या, कापडात गुंडाळल्या, दोन लांब स्क्रूंसकट राशिदच्या आईकडे पाठवल्या. निरोप सोबत, "दर हिवाळ्याला मोजा. बोट चापापुढे जायला लागलं की एक परत लावा."

अम्मा टीप उसवायची, तेच अब्बांनी लाकडात केलं होतं, फक्त उलट्या दिशेने.

पुढच्या शुक्रवारी डबा उडाला. पहिल्यांदा नाही, पण उडाला. सैफने बॉनेटवर थाप मारली, "खलास! आता हिला राशिद नेईल."

शिकारीची सकाळ मला तुकड्यांत आठवते. धुकं इतकं की ट्रकचं नाकही दिसेना. ते विरलं तेव्हा खूप लांब, खडकाळ मैदानात, वाळूच्याच रंगाची तीन हरणं. सैफने हळूच इंजिन बंद केलं. राशिद चाकामागे पालथा झोपला, गाल लाकडाला लागलेला, अंगठ्याला नाही. उबेद ट्रकमध्ये डोळे मिटून बसला होता, कान देऊन. एक आवाज. आणि मग राशिद धावत सुटलेला, हातात सुरी. तो पोचला तेव्हा जीव होता. त्याने अल्लाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. मी मागे धावलो होतो. हरणाचा डोळा मी पाहिला, तो अजून आठवतो, आणि खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो. आता इकडे शिकारीला बंदी आहे. बरंच आहे. पण त्या वर्षी त्या जनावराने एका घराची मान ताठ ठेवली, हेही तितकंच खरं आहे. राशिदने वाटा काढला, स्वतःचा. त्यातली एक मांडी आमच्या झोपडीत आली. पडद्याआडून राशिदच्या आईचा आवाज, "नज्जारला सांगा, दिलेलं नाही. वाटा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरेल लावताना अब्बांचा हात माझ्या खांद्यावर थांबला. फळ्यांनी सोललेली जागा बरी झाली नव्हती.

"इब्रा," ते म्हणाले, "परक्याच्या पोराच्या खांद्याचं माप घेतलं मी. तुझं नाही घेतलं."

"होईल सवय," मी त्यांचंच वाक्य त्यांना दिलं.

"नाही होत. नाक फुटतं." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "मोठ्या माणसाचं काम तुझ्या अंगावर चढवलं. वाटलं, वाढेल तसं बसेल. तू घरी जा. नववीत बस परत. ते तुझ्या मापाचं आहे. हे काम कुठे पळत नाही, मी आहे इथे ते सांभाळायला. मोठा हो, मग ये."

निघायच्या दिवशी खाडीवर उबेद आला होता, राशिदच्या खांद्यावर हात ठेवून. त्याने माझा हात कोपरात वाकवला, आपल्या वितीने कोपरापासून बोटापर्यंत मोजला, अगदी बंदुकीसारखा. "याद रखा," म्हणाला. "वापस आयेगा तो फिर नापेगा. इन्शाल्ला."

शाळेत माझ्याहून लहान मुलांबरोबर बसलो. मॅट्रिक झालो. मग कॉलेज. कॉलेज मात्र खरोखर वाढत्या अंगाचं होतं. इंग्रजीतली पुस्तकं, बुटांचा आवाज करत येणारे प्रोफेसर, वर्गात ज्यांचे वडीलही शिकलेले अशी मुलं. पहिलं वर्षभर मी त्यात नुसता हरवलो होतो, बाहीत हरवलेल्या हातासारखा. पण तिथे मला कुणी एकट्याने उभं करून चाप ओढायला सांगितलं नाही. अब्बा दर महिन्याला पैसे धाडत होते, अम्मा जेवणाचा डबा चुलत्याच्या हाती शहरात पाठवत होती, आणि मी हळूहळू भरत गेलो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, मोठं घेण्यात चूक नव्हतीच. मोठं घ्यावं. फक्त ते ज्याच्या अंगावर घालायचं त्याचा हात एकदा वाकवून बघावा, आणि जे जास्तीचं असेल ते टाकून न देता कुणीतरी त्याच्यासाठी जपून ठेवावं. माझं ज्यांनी जपलं त्यांना मी कधी शुक्रिया म्हटलं नाही. आमच्यात बापाला तसं म्हणत नाहीत. म्हणून आज इथे म्हणतो.

दशक सरता सरता मी परत आलो, या वेळी बोटीने, धक्क्यावर कोरड्या पायांनी उतरून. चलन बदललं होतं, पूर्वी इथे रुपयेच चालायचे. खाडीवर अब्बा थोडे वाकलेले. राशिद दाढीवाला. त्याने बंदूक आणून दाखवली. दस्त्याच्या टोकाशी दोन बारीक रेघा, दोन्ही चकत्या परत जागेवर. उबेदला आता काहीच दिसत नव्हतं. त्याने एका रेघेवर बोट फिरवलं, "ही तू गेलास त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली." मग दुसरीवर, "ही त्यानंतरची. मग थांबला वाढायचा." आणि बंदूक बाजूला ठेवून हात पुढे केला. "ला, तेरा."

मी सदऱ्याची बाही वर करायला गेलो. ती दुमडलेली नव्हतीच. मनगटावर बटण लावलेलं होतं, मापाचं. त्याने माझा हात वाकवला, वितीने मोजला आणि मान हलवली. "खलास. तूही पूर्ण झालास."

त्या सगळ्या हिवाळ्यांत राशिदच्या घराने स्वतःच्या वाट्याचं खाल्लं. आणि मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला.